राक्षसी व्हॅम्पायर वटवाघळाच्या कवटीचा रेझिन सेट: कवटी घ्या, सोबतचं कार्ड बाजूला ठेवा

सेट घेऊन दोन महिने झाले, आठवीच्या दोन तुकड्यांत आणि नववीच्या एका तुकडीत हातोहात फिरवून झाला, आता लिहायला हरकत नाही. मी जुन्नर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पोरांना वटवाघूळ नवीन नाही, लेण्यांत शिरलं की आधी तो वास येतो आणि मग डोक्यावर फडफड, आणि प्रत्येकाकडे आजीनं सांगितलेलं काहीतरी असतंच, केसात अडकतं, कान कुरतडतं, झोपेत रक्त पितं. त्यातल्या रक्त पिण्याच्या गोष्टीवर मला दरवर्षी एक अख्खा तास घालवावा लागतो. म्हणून ऑनलाइन हा सेट दिसला तेव्हा मी फार विचार न करता ऑर्डर टाकली.

सेटमध्ये काय येतं ते आधी सांगते. दोन कवट्या, जबड्यासकट, खऱ्या मापाच्या. एक आज जिवंत असलेल्या साध्या व्हॅम्पायर (रक्त पिणाऱ्या) वटवाघळाची, म्हणजे डेस्मोडस रोटुंडस. दुसरी त्याच्या नामशेष झालेल्या मोठ्या भावाची, डेस्मोडस ड्रॅक्युले. त्याच मोठ्याचं एक दंडाचं हाड. लाकडी स्टँड, फोमचा खण पाडलेला डबा, आणि एक रंगीत माहितीपत्रक, म्हणजे वर म्हटलेलं कार्ड. किंमत २६०० रुपये, कुरियर वेगळं. मी वर ९०० रुपये देऊन तिप्पट मोठा केलेला खालचा-वरचा जबडा पण मागवला, त्याबद्दल खाली लिहिते कारण खरं तर तोच सगळ्यात उपयोगी पडला.

थ्रीडी प्रिंट करून विकणारं छोटं वर्कशॉप आहे, नाव इथे देत नाही कारण काही तक्रारी मी त्यांना थेट कळवल्यात आणि त्यातली एक त्यांनी सोडवली पण आहे.

आता जाहिरात. जाहिरातीत फोटो होता तो असा की चंद्र, किल्ल्याचा बुरूज, आणि माणसाच्या डोक्यावर पसरलेले भलेमोठे पंख. खाली लिहिलेलं, राक्षसी, पाच फूट पंख. हे बघून डबा उघडला आणि आत दोन कवट्या, एक कवटी पुरती अडीच सेंटीमीटरही नाही एवढी आणि दुसरी तिच्यापेक्षा थोडी मोठी. वर्गातल्या मुलांचा पहिला उद्गार होता, "मॅडम एवढीशी?" मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कवटीचं नाही, त्या फोटोचं. कारण पोरांच्या डोक्यात आधीच पाच फुटाचं जनावर बसलेलं आणि खरं जनावर, जे मला विचाराल तर त्या फोटोपेक्षा कितीतरी भारी आहे, ते त्यांच्या हातात येऊन छोटं ठरलं.

मग आम्ही मोजायला बसलो. व्हर्नियर कॅलिपर काढले, चार-चार जणांचे गट केले. मोठी कवटी भरली ३१ मिलिमीटर आणि थोडी वर. संशोधनात या जातीच्या कवटीची लांबी ३१.२ मिलिमीटर दिलेली आहे, म्हणजे वर्कशॉपनं माप इमानदारीनं ठेवलंय. दंडाचं हाड ५१ मिलिमीटर, तेही बरोबर. छोटी कवटी साडेचोवीसच्या आसपास भरली, रोटुंडससाठी एकदम योग्य. इथे त्यांना पैकीच्या पैकी मार्क. मी याआधी दुसरीकडून घेतलेल्या एका सापाच्या कवटीचं माप चक्क दीडपट निघालं होतं आणि कुठे तसं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मापाची किंमत मला जास्त वाटते.

एक हुशार पोरगी म्हणाली, मॅडम भागाकार केला तर २७ टक्केच मोठं येतंय, तुम्ही तर ३० म्हणालात. बरोबर आहे तिचं. संशोधक म्हणतात हे वटवाघूळ आजच्या साध्या व्हॅम्पायरपेक्षा साधारण ३० टक्के मोठं होतं, पण ते सगळी हाडं धरून ढोबळमानानं, आणि एकाच जातीतली जनावरं पण कमी-जास्त मापाची असतातच, वर्गातली सगळी पोरं कुठे एका उंचीची असतात. आणि इथेच मला वर्कशॉपवर थोडा राग आला, कारण दंडाचं हाड त्यांनी फक्त मोठ्याचं दिलंय, छोट्याचं दिलंच नाही. छोट्याचंही दिलं असतं तर मुलांनी तो ३० चा आकडा स्वतः काढून बघितला असता. एका पाच सेंटीमीटरपेक्षा लहान हाडाचा रेझिनचा खर्च तो किती.

मग फळ्यावर मी १.३ गुणिले १.३ गुणिले १.३ लिहिलं. उत्तर २.१९७. लांबी-रुंदी-जाडी तिन्ही ३० टक्क्यांनी वाढल्या की वजन दुपटीच्या वर जातं, एवढं कळलं आणि वर्ग एकदम शांत झाला. आजचं व्हॅम्पायर २५ ते ४० ग्रॅमचं असतं, या मोठ्याचं वजन साधारण ६० ग्रॅम धरतात, म्हणजे एका चांगल्या मोठ्या अंड्याएवढं. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत ५० सेंटीमीटर, आपल्या हिशोबात एक हात आणि वर दोन-तीन बोटं. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात धरून पोरांनी एकमेकांच्या डोक्यावर मोजून बघितलं. पाच फूट कुठून आलं तर मला वाटतं कुणीतरी ५० सेंटीमीटरचा ५ उचलला आणि पुढे फूट लावला. आमच्या शाळेमागच्या वडावर जी मोठी फळं खाणारी वटवाघळं लटकतात त्यांचे पंख चार फुटांच्या आसपास भरतात आणि वजन किलोभर जातं. म्हणजे हे "राक्षसी" जनावर आपल्या वडावरच्या वटवाघळाच्या निम्म्याहून कमी. पण वडावरचं पेरू-उंबर खाऊन जगतं, आणि हे निव्वळ रक्तावर जगणारं, त्या जगात हे खरंच अवाढव्य. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांत आजवर सापडलेलं सगळ्यात मोठं हेच. हे वाक्य माहितीपत्रकावर असायला हवं होतं, नाहीये.

आता दात. दातांसाठी मी अर्धा स्टार कापते.

मोठ्या कवटीच्या दोन्ही सुळ्यांच्या टोकांना त्यांनी लाल रंग लावलाय. बघायला बरं दिसतं, कपाटात ठेवायचं असेल तर ठेवा. पण व्हॅम्पायर वटवाघूळ सुळ्यांनी भोक पाडत नाही. कापतं ते वरच्या पुढच्या दोन दातांनी. ती दोन पाती आहेत पाती, पुढे आलेली, धारदार, आणि त्यांच्यावर दाताचं कडक कवच, इनॅमल, नसतंच, त्यामुळे ती झिजता झिजता धार धरून राहतात. सुळे आणि गालाकडचे दात आधी केस बाजूला कातरायला, जसा न्हावी वस्तरा लावायच्या आधी कात्री चालवतो तसं. मग पात्यांनी चामडीचा काही मिलिमीटरचा छोटासा तुकडा उडवतं आणि वाहणारं रक्त जिभेनं चाटतं. ओढून पीत नाही, चाटतं, मांजर दूध चाटतं तसं. चावायला काही नाही म्हणून दाढा नावापुरत्या उरल्यात, तोंडात सगळे मिळून २० दात. हे सगळं या कवटीवर दिसतं, खरंच दिसतं, पुढची दोन पाती आणि मागे एकदम बारीक झालेल्या दाढा, पण नजर जाते त्या लाल सुळ्यांवर. मी स्पिरीटचा बोळा फिरवून रंग काढला, दहा मिनिटांत निघाला, रेझिनला काही झालं नाही. आता मुलं आपसूक पुढच्या दातांकडे बघतात.

तिप्पट जबडा घ्यायचं कारण इथे आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बारीक दातांच्या मागे दोन खळगे असतात, तोंड मिटलं की वरची पाती बरोबर त्यात जाऊन बसतात, म्यानात तलवार जावी तशी. खऱ्या मापाच्या प्रिंटमध्ये हे खळगे नीट उठलेले नाहीत, नुसता सपाट डाग वाटतो, एवढ्या बारीक कामाला प्रिंटरची मर्यादा असणार. तिप्पटमध्ये मात्र बोट फिरवलं की कळतात. शेवटच्या बाकावरच्या मुलांना पण लांबून दिसतं. शिक्षकांनी घेणार असाल तर हे ९०० रुपये वाचवू नका, उलट बजेट नसेल तर नुसता तिप्पट जबडा घ्या आणि सेट नंतर घ्या.

आमच्याकडे निम्म्या पोरांच्या घरी गाई आहेत, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला होता, "गाईला कळत नाही का?" बहुतेक वेळा नाही कळत. ते रात्री अंधारात येतं, पुष्कळदा जमिनीवर उतरून चालत येतं, आणि ही वटवाघळं जमिनीवर नुसती चालत नाहीत तर धावतात. २००५ साली संशोधकांनी त्यांना चक्क छोट्या ट्रेडमिलवर पळवून बघितलं, वेग वाढवला तसं ती पुढच्या पंखांच्या जोरावर उड्या घेत धावायला लागली, सेकंदाला मीटरभराच्या वर. अंगठा लांब आणि भक्कम असतो, त्यावर रेटा देऊन जमिनीवरून उडी मारून हवेत जातात. नाकाच्या चामडीत उष्णता ओळखायची सोय असते, गरम रक्तवाहिनी कातडीजवळ कुठे आहे ते कळतं. लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्याला ड्रॅक्युलिन असं नाव दिलंय, आणि लाळेतल्याच दुसऱ्या एका प्रथिनावरून स्ट्रोकच्या रुग्णांसाठी औषध करायचे प्रयत्न पण झालेत. एका वेळी साधारण २० मिलिलिटर रक्त पितं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, आणि ते वजन घेऊन उडता येत नाही म्हणून पिता पिताच लघवी करून पाणी बाहेर टाकायला सुरुवात करतं. हे शेवटचं वाक्य वर्गात कुणीही विसरलेलं नाही. गाईचं तेवढ्यानं रक्त संपत नाही, धोका आहे तो रेबीजचा, लॅटिन अमेरिकेत गुरांना यांच्या चाव्यातून रेबीज होतो आणि शेतकऱ्यांचं खरोखर नुकसान होतं, ते पण मी सांगितलं, लपवायचं काही कारण नाही.

आणि दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की मरतं. चरबी साठवताच येत नाही. मग ज्याला रात्री मिळालं नाही त्याला गुहेतलं दुसरं वटवाघूळ पोटातलं रक्त तोंडात काढून देतं. जेराल्ड विल्किन्सन या संशोधकानं कोस्टारिकात हे नीट नोंदवून १९८४ साली छापलं. मी हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरचे पण ऐकतात.

माहितीपत्रकाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पाच फुटाचं सांगितलंच. दुसरं, त्यावर किल्ल्याचं चित्र आणि ट्रान्सिल्व्हेनियाचा, म्हणजे ड्रॅक्युलाच्या गोष्टीतल्या युरोपातल्या मुलखाचा, उल्लेख. अहो, रक्त पिणारी वटवाघळं युरोपात नाहीत आणि सापडलेलीही नाहीत. आज जिवंत आहेत त्या तीनच जाती, तिन्ही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत. भारतात तर एकही नाही. आपल्याकडे पडक्या देवळांत, किल्ल्यांवर मोठ्या कानांचं जे वटवाघूळ असतं त्याला इंग्रजीत खोटं व्हॅम्पायर म्हणतात, ते बेडूक, उंदीर, पाली, किडे खातं, रक्त चाटत नाही. पूर्वी युरोपातले लोक मोठं दिसेल त्या वटवाघळाला व्हॅम्पायर म्हणून मोकळे व्हायचे, त्याचे भोग अजून ही बिचारी भोगतायत. आमच्याच गावाजवळ जुन्या वाड्यातली वटवाघळं धूर करून हाकलली, कारण काय तर रक्त पितात. म्हणून असल्या कार्डावरचं किल्ल्याचं चित्र मला नुसतं चित्र वाटत नाही. नाव ड्रॅक्युला या कादंबरीतल्या रक्त पिणाऱ्या पात्रावरून ठेवलंय हे खरं, पण नाव ठेवलं अमेरिकेतल्या आणि व्हेनेझुएलातल्या शास्त्रज्ञांनी, आणि हाडं होती व्हेनेझुएलाची.

ही गोष्ट कार्डावर असती तर मी त्या कार्डाला फ्रेम केली असती. व्हेनेझुएलाच्या मोनागास राज्यात कारीपे गावाजवळ एक प्रचंड गुहा आहे, ग्वाचारोंची गुहा, कित्येक किलोमीटर आत जाते. ग्वाचारो म्हणजे एक पक्षी, रात्री फिरतो, फळं खातो, आणि अंधारात टक-टक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो, म्हणजे वटवाघळासारखंच. १७९९ साली हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ या गुहेत गेला होता आणि त्या पक्ष्याची जगाला ओळख त्यानं करून दिली. त्याच गुहेत या मोठ्या व्हॅम्पायरची हाडं मिळाली आणि १९८८ साली गॅरी मॉर्गन, ओमार लिनारेस आणि क्लेटन रे या तिघांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली. त्याच लेखात त्यांनी फ्लोरिडात मिळालेली आणखी एक जुनी व्हॅम्पायर जात पण मांडली. फ्लोरिडात! आज अमेरिकेच्या त्या भागात व्हॅम्पायर वटवाघूळ औषधालाही नाही.

मला सगळ्यात जास्त थरार वाटतो तो याच गोष्टीचा, की ही मंडळी एकेकाळी कुठवर पसरली होती. डेस्मोडस स्टॉकी म्हणून तिसरी एक नामशेष जात आहे, रोटुंडसपेक्षा थोडी मोठी, १९५८ साली मेक्सिकोच्या नुएवो लेओन राज्यातल्या सान होसेसितो गुहेतल्या हाडांवरून तिला नाव मिळालं. नंतर तिचीच हाडं पार कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या गुहेत सापडली. आता विचार करा, जे जनावर तीन रात्रीत उपाशी मरतं आणि थंडी सोसत नाही, ते तिथवर पोचलं होतं. कारण खायला होतं. हत्तीएवढे जमिनीवरचे स्लॉथ (मोठ्या नखांचे केसाळ प्राणी), कासवासारखी ढाल घेऊन फिरणारे ग्लिप्टोडॉन, अमेरिकेतले मूळचे घोडे, उंट, मॅमथ. एवढी मोठी गरम रक्ताची जनावरं रात्री उभी असताना मोठ्या व्हॅम्पायरचं चांगलं चालणारच. मग १०-१२ हजार वर्षांपूर्वी हे बहुतेक सगळे मोठे प्राणी संपले, आणि रक्तावर जगणाऱ्यांची पंगत उठली. छोटं रोटुंडस थोडक्यात भागवत राहिलं, आणि पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटापासून स्पॅनिश लोकांनी गाई-घोडे आणले तेव्हा त्याचं परत फावलं. आज ते एवढं सुखात आहे ते आपल्यासारख्याच गोठ्यांमुळे.

सेटमध्ये यातलं काहीच नाही. मी हे सगळं सांगते तेव्हा एका हातात कवटी आणि दुसऱ्या हातात उत्तर-दक्षिण दोन्ही अमेरिकांचा नकाशा धरते. विक्रेत्यांनी एक साधा नकाशा दिला तरी चालेल, ठिपके आम्ही लावू. व्हेनेझुएला, बेलीझ, मेक्सिकोचं युकातान, बोलिव्हिया, ब्राझील, आणि खाली आर्जेन्टिना.

आर्जेन्टिनाचा ठिपका सगळ्यात मोठा काढायचा. ब्युनोस आयर्स प्रांतात मिरामार नावाचं समुद्रकिनाऱ्याचं गाव आहे. तिथे एका प्राचीन बिळात या जातीचा खालच्या जबड्याचा तुकडा मिळाला, साधारण १ लाख वर्षांपूर्वीचा. बीळ कुणाचं, तर महाकाय स्लॉथचं असावं असं मानतात, माणूस आरामात आत जाईल एवढी बिळं ही जनावरं नखांनी खणायची. म्हणजे वटवाघूळ त्या बिळात मुक्कामाला असेल, की त्याच जनावराचं रक्त प्यायला आत शिरलं असेल, की एखाद्या घुबडानं आणून टाकलं असेल, काही सांगता येत नाही, पण एवढंसं हाड त्या एवढ्या मोठ्या बिळात पडून राहिलं हे चित्रच डोळ्यासमोरून हलत नाही. आज व्हॅम्पायर वटवाघूळ तिथे राहत नाही, त्याची हद्द बरीच उत्तरेला संपते, म्हणजे तेव्हा तिथलं हवामान याला मानवणारं होतं.

आणि त्याच किनाऱ्यावर, त्याच जिल्ह्यात, सेंतिनेला देल मार इथे एक सुळा मिळाला. बहुतेक याच जातीचा. ज्या थरात मिळाला तो थर फक्त ३०० वर्षांच्या आसपासचा. ३०० वर्षं! मी वर्गात म्हटलं, शिवाजी महाराज शिवनेरीवर जन्मले त्याला जवळपास ४०० वर्षं होत आली. शिवनेरी आमच्या खिडकीतून दिसतो. पोरं एकदा गडाकडे बघतायत आणि एकदा हातातल्या कवटीकडे. नामशेष म्हणजे डायनोसॉरसारखं लाखो-कोटी वर्षांपूर्वीचं असंच त्यांच्या डोक्यात असतं. हे कदाचित आपल्या खापर-खापर पणजोबांच्या काळात उडत होतं.

तेव्हा एका पोरानं, ज्याच्या घरी बारा गाई आहेत, हात वर केला, "मॅडम, तीनशे वर्षांपूर्वी तिथे गाई आलेल्या होत्या ना? मग खायला होतं की. मग का मेलं?" मी इतकी वर्षं शिकवते, एवढा नेमका प्रश्न फार कमी वेळा आलाय. मोठे प्राणी संपले म्हणून हे संपलं ही गोष्ट त्या एका सुळ्यामुळे अडखळते. हवामान बदललं, थंडी वाढली, असंही संशोधक सुचवतात, पण एकमत नाही, आणि मी त्याला तसंच सांगितलं, की हा प्रश्न अजून उघडा आहे आणि तू विचारलास तोच प्रश्न शास्त्रज्ञांना पण पडलाय. कार्डावर मात्र एका ओळीत लिहिलंय, "अन्न संपल्याने नष्ट". आणि शेजारी माया लोकांच्या पुराणकथेतला वटवाघूळ-देव कामासोत्स, "हाच तो प्राणी" असं लिहून. माया लोकांच्या प्रदेशात, युकातानला आणि बेलीझमध्ये या जातीची हाडं मिळालीत हे खरं, त्यामुळे तसा अंदाज काही जण करतात, आणि मला स्वतःला ती कल्पना आवडते सुद्धा. पण आवडते म्हणून ती पुरावा होत नाही, आणि आठवीच्या मुलाला छापलेलं सगळं खरं वाटतं.

डिलिव्हरीचं थोडक्यात. नऊ दिवस लागले. छोट्या कवटीची गालाची कमान, जी नुसती काडीसारखी असते, एका बाजूनं तुटून आली. फोटो पाठवला, त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं आणि आठवड्यात नवी कवटी फुकट आली, परत पाठवायला पण सांगितलं नाही. तुटकी मी फेव्हिक्विकनं जोडली, आता ती हाताळायला आणि नवी नुसती बघायला. ही सर्व्हिस चांगली होती, मनापासून सांगते. फोमचा खण मात्र कवटीपेक्षा मोठा पाडलाय, आत हलते, थोडा कापूस लावा. प्रिंटच्या बारीक रेघा मोठ्या कवटीच्या टाळूवर जवळून दिसतात, लांबून नाही. रंग हाडासारखा पिवळट, छान. स्टँडची तार पहिल्याच आठवड्यात वाकली.

अजून एक कमी म्हणजे मूळ नमुना कुठला, स्कॅन कुणाचा, हे कुठेच लिहिलेलं नाही. मापं बरोबर आहेत म्हणून माझा विश्वास बसला, पण २६०० रुपये घेताना एवढी एक ओळ छापायला हवी. त्यांना मी मेल केलाय यावर.

कुणी घ्यावा? शिक्षकांनी नक्की, आणि ज्यांच्या घरी हाडं-दगड-शिंपले गोळा करणारं पोर आहे त्यांनी पण. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, कमानी टिकणार नाहीत. हॅलोविनला किंवा शोकेसला भीतीदायक काहीतरी पाहिजे म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, लांबून कुणाला दिसणार पण नाही. ही वस्तू तळहातावर ठेवून, खिडकीशी नेऊन, तिरपी करून बघायची आहे. पुढची दोन पाती उजेडात चमकतात तेव्हा कळतं.

माझे स्टार: कवट्यांना साडेचार, तिप्पट जबड्याला पाच, दुरुस्ती-बदलीला पाच, माहितीपत्रकाला एक आणि तोही कागद चांगला आहे म्हणून.

आमच्या डब्यात आता त्यांचं कार्ड नाही. मुलांनी स्वतः एक केलंय, पाठकोऱ्या कागदावर, झाकणाच्या आतून चिकटवलंय. त्यावर एक हात आणि तीन बोटं असं पंखांचं माप काढलंय, शेजारी अंडं, शेजारी वडावरचं वटवाघूळ तुलनेला, आणि खाली त्या पोरानं आपल्या अक्षरात लिहिलंय, गाई होत्या तरी का मेलं? त्याचा फोटो मी वर्कशॉपला पाठवलाय आणि सोबत विचारलंय की मिरामारचा तो जबड्याचा तुकडा खऱ्या मापात कधी करताय. केलात तर दोन द्या, एक माझ्या वर्गाला आणि एक त्याला.